आधीच मानलेले आभार

अंगठा पहिल्यांदा हलला तो फेब्रुवारीत.

दुपारच्या पाळीत मृणालिनीबाई वॉर्डातल्या टेबलाशी चहा घेत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. त्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासू लागला. सावकाश, एका लयीत, पिठाची बारीक गोळी वळावी तसा. त्यांनी पाहिलं. हात उचलून कप धरला. अंगठा थांबला. कप ठेवला, हात परत मांडीवर आणला. अंगठा पुन्हा सुरू झाला.

त्यांनी हात खिशात घातला.

थकवा असेल, त्या मनात म्हणाल्या. रुग्णांचे नातेवाईक पहिल्या दिवशी हेच म्हणतात. सदतीस वर्षं त्यांनी हे वाक्य ऐकलं होतं आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मृणालिनी रणभिसे परळच्या एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या. मेअखेरीस निवृत्त होणार होत्या. सगळ्या इस्पितळात त्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. शीर. जुलाबाने सुकून गेलेलं सहा महिन्यांचं मूल येतं, तेव्हा त्याच्या हातापायावर शीर दिसत नाही. सलाईन लावायचं कुठे? शिकाऊ डॉक्टर दोनदा टोचतात, तिसऱ्यांदा घाम पुसतात. मग कोणीतरी म्हणतं, "रणभिसे सिस्टरना बोलवा." त्या यायच्या. मुलाचं मनगट डाव्या हातात धरायच्या, उजव्या हाताच्या बोटाने चाचपायच्या. ओठ हलायचे. सुई आत. एकदाच.

"मंत्र घालता काय ओ, सिस्टर?" मीराबाई विचारायची. ती वॉर्डातली आया. काळाचौकीची, मूळची मालवणकडची, तोंडाची फटकळ.

"प्रार्थना करते."

"मग माझ्या सुनेसाठी पण एक करा. तिका कामाची शीर कधी गावतली, देव जाणे."

बाईंचं सगळं आयुष्य असंच चाचपडत, ओठ हलवत पुढे गेलं होतं. अठराव्या वर्षी नगरहून एक पेटी घेऊन त्या नर्सिंगला आल्या, तेव्हा मुंबईत ओळखीचं कुत्रंही नव्हतं. वडील गेले. ठरलेलं लग्न मोडलं. भाऊ गेला आणि पुतण्याने नगरचं घर विकून टाकलं. दर वेळी त्या गुडघ्यांवर बसल्या, उठल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्या. दर वेळी कुठलं ना कुठलं दार उघडलं. त्यामुळे निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा प्रश्न त्यांनी कोणापुढे मांडलाच नव्हता. इस्पितळाची क्वार्टर सोडावी लागणार होती. दुसरं छप्पर नव्हतं. हक्काने पाणी मागावं असं माणूसही नव्हतं. तो बघेल, त्या म्हणायच्या, आणि खरोखरच शांत झोपायच्या.

दार जानेवारीतच उघडलं होतं. जालन्याकडच्या एका लहानशा मिशन दवाखान्यातले डॉक्टर जयवंत साळवे मुद्दाम भेटायला आले होते.

"मुलांसाठी आठ खाटा सुरू करतोय, ताई," ते म्हणाले. "पण मी मोठ्यांचा डॉक्टर. पोराची शीर मला सापडत नाही, खरं सांगतो. मोठं इस्पितळ दीड तासावर. पोरं वाटेत जातात. तुम्ही या. आवारात दोन खोल्या आहेत. काम कराल तोवर तुमच्या."

बाईंनी तिथल्या तिथे हो म्हटलं होतं.

मार्चमध्ये अक्षर लहान झालं.

ते त्यांच्या लक्षात आलं नाही, इरावतीच्या आलं. इरावती गिरगावात राहायची. मराठी घेऊन एम.ए. झालेली, नोकरीच्या शोधात, आठवड्यातून दोनदा वॉर्डातल्या मुलांना गोष्टी सांगायला यायची. पहिल्या दिवशी तिने बाईंना सिस्टर म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात मावशी. वयात चौतीस वर्षांचं अंतर, पण दोघींचं जमलं.

"मावशी, मुंगीएवढं काय लिहिताय? वही पुरवून वापरायचीय का?"

"चष्मा बदलायला झालाय," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी वॉर्डाची वही मागे मागे चाळली. जानेवारीची पानं. डिसेंबरची. ऐसपैस, गोल अक्षर. मग फेब्रुवारी. प्रत्येक ओळ सुरू व्हायची तेव्हा ठीक, संपेपर्यंत बारीक झालेली. पुढच्या पानावर आणखी बारीक. वहीत दुसरं कोणीतरी हळूहळू लिहायला लागलं होतं.

त्यांनी वही मिटली. वासही जातो, त्यांना आठवलं. स्पिरिटचा बोळा उचलून नाकाशी धरला. काहीच वास आला नाही. बाटली उघडून धरली. नाही.

त्या दिवसापासून त्या स्वतःवर पाळत ठेवू लागल्या. चालताना डावा हात झुलतो, उजवा अंगाला चिकटून राहतो. ब्लाऊजचं बटण लावायला वेळ लागतो. मात्र सुई धरली की हात स्थिर. काम करताना थांबतं, मोकळा असताना हलतं. हे कशाचं लक्षण असतं ते त्या नव्या मुलींना शिकवत आल्या होत्या.

आणि तरीही त्यांनी जालन्याच्या कामाची उपकारस्तुती केली.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, उपकारस्तुती सगळेच करतात. नातू झाला, नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, की लोकांना बोलवायचं. चार गाणी, शास्त्रपाठ, प्रार्थना, मग केक आणि चहा. बाईंची आई मात्र गोष्ट हाती येण्याआधीच करायची. मिळाल्यावर कोणीही आभार मानतं, तिचं म्हणणं. न मिळता मानायचे, आणि एकदा मानले की मागे फिरायचं नाही. मागे फिरणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. बाईंनी आईची ही रीत आयुष्यभर पाळली. नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी केली, क्वार्टर मिळण्याआधी केली. कधीच फसली नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, गिरगावातल्या त्यांच्या मराठी मंडळीच्या चर्चमध्ये, उपासनेनंतर सगळे थांबले. पाळक गौतम अमोलिक यांनी प्रार्थना केली. मंडळीने चाकांची निळी बॅग भेट दिली. मागच्या बाकावर इरावती बसली होती. तिला गाणी येत नव्हती, ती नुसती टाळ्या वाजवत होती.

"ताई, साक्ष द्या. प्रभूने काय केलं ते सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. उजवा हात पर्समध्ये होता, काहीतरी शोधत असल्यासारखा. पर्सच्या आत तो हलत होता आणि चाव्या वाजत होत्या.

"प्रभूने माझ्यासाठी दार उघडलं," त्या म्हणाल्या. "अजून मी तिथे गेले नाही. पण आभार आजच मानते."

आमेन, सगळे म्हणाले. चाव्या वाजतच होत्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात मनू आला. दोन वर्षांचा, डोळे खोल गेलेले, रडण्याचंही बळ नसलेला. डॉक्टरांनी तीन ठिकाणी टोचून पाहिलं. मग बाईंना बोलावलं.

त्यांनी मनगट धरलं. बोटाखाली शीर लागली. बारीक, पळणारी, पण होती. ओठ हलले. सुई टेकवली आणि त्याच क्षणी हाताने एक झटका दिला. लहानसा. सुई शिरेतून आरपार गेली. कातडीखाली निळं फुगलं.

मनूचा दुसरा हात. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा, घोट्याजवळ, लागली. थेंब थेंब पाणी जाऊ लागलं. मनूच्या आईने वाकून बाईंच्या पायांना हात लावला. "तुम्ही होता म्हणून वाचला, सिस्टर."

बाई मागे सरकल्या. पोराच्या दोन्ही मनगटांवर निळे डाग होते. ते त्यांचे होते.

मीराबाई चादर बदलत होती. ती काही बोलली नाही. असं पूर्वी झालं नव्हतं. जिन्यात मात्र तिने गाठलं.

"बाय, हात दाखवा."

"काही नाही गं."

"मी अडाणी. पण माझा सासरा सात वर्षं असाच हात हलवत होता. शेवटाक घास तोंडात जायना. दाखवा म्हणते."

बाईंनी हात दाखवला. मीराबाईने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांतही तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी केसपेपर काढला आणि मेंदूविकाराच्या ओपीडीत सगळ्यांसारख्या रांगेत बसल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. मग निदान सांगितलं: कंपवात.

"गोळी सुरू करू, सिस्टर. फरक पडेल. हात बराच थांबेल."

"किती दिवस?"

"काही वर्षं बरी जातात."

"हातावर भरवसा ठेवता येईल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लहान मुलांच्या शिरेसाठी? मी नाही ठेवणार."

गोळीने खरंच फरक पडला. पंधरा दिवसांत अंगठा जवळजवळ गप्प झाला. आणि मग बाईंची झोप उडाली. हात हलत होता तोवर वाट स्पष्ट होती. आता तो थांबला होता. आता कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

इरावतीला त्यांनी सांगितलं ते क्वार्टरच्या गॅलरीत, संध्याकाळी. ती ऐकून घेताना कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली.

"आता थांबलाय ना?" तिने शेवटी विचारलं.

"थांबलाय."

"मग जा की तिथे. महिना-दोन महिने काम करा. मग सांगा. एकदा गेल्यावर ते काय तुम्हाला बाहेर काढणार आहेत?"

"नाही काढणार. चांगली माणसं आहेत."

"मग?"

"तिथे माझ्यानंतर दुसरं कोणी नाही, इरा. इथे मी चुकले तर आणखी चार हात आहेत. तिथे मी चुकले तर दीड तासाचा रस्ता आहे."

"आणि सांगितलंत तर तुम्ही कुठे जाणार?"

बाई कठड्यावरून वाकल्या. खाली आवारात कोणीतरी सुंभाने गादी बांधत होतं.

"तुमच्या देवाने बोलावलं होतं ना तिथे?" इरावतीचा आवाज चढला. "तुम्ही सगळ्यांसमोर आभार मानलेत. केक कापलात. मग हे काय मध्येच?"

"तेच मी त्याला विचारते रोज."

"काय म्हणतो?"

"काही नाही. फेब्रुवारीपासून काही नाही."

इरावती त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या बाईला तिने कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ती घाबरली होती. आणि तरीही सांगणार होती.

फोन त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी केला. उभ्यानेच. सगळं सांगितलं, तारखांसकट.

"ताई," डॉक्टर साळवे म्हणाले, "तुम्ही कळवलंत, फार मोठी गोष्ट केलीत. आम्ही प्रार्थना करू."

बाईंनी फोन ठेवला. प्रार्थना करू, हे वाक्य त्यांनी स्वतः शेकडो आईबापांना म्हटलं होतं. ते कधी म्हणतात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दोन दिवसांनी निरोप आला. सध्या थांबू या. दुसऱ्या सिस्टरचा शोध चालू आहे. प्रभूची योजना चांगलीच असते.

मेच्या शेवटच्या रविवारी, घोषणा संपल्यावर, बाई बाकावरून उठल्या. पर्स बाकावरच ठेवली. त्या दिवशी गोळी घ्यायची त्यांनी मुद्दाम टाळली होती. उजवा हात सगळ्यांना दिसत होता.

"एप्रिलमध्ये मी इथे साक्ष दिली," त्या म्हणाल्या. "तेव्हा हा हात पर्समध्ये होता. हे दुखणं मला तेव्हा ठाऊक होतं आणि मी ते लपवलं. देवाने दार उघडलं, असं म्हणाले. उघडलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी ते ढकलून धरलं होतं, एवढं माहीत आहे. तो दवाखाना आता मला घेणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. मला क्षमा करा." त्या थांबल्या. "तुम्ही दिलेली बॅग अजून कोरी आहे. परत द्यायची असेल तर..."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पाळकसाहेबांनी गाणं सांगितलं, त्याचा आकडा चुकला, अर्धी मंडळी एक गाऊ लागली, अर्धी दुसरं.

बाहेर व्हरांड्यात नम्रता शेळके यांनी त्यांना बाजूला घेतलं. महिलामंडळाच्या त्या सेक्रेटरी.

"ताई, राग मानू नका. पण एकदा उपकारस्तुती केली ना तुम्ही? मग डगमगायचं नव्हतं. फोन केलात तिथेच विश्वास कमी पडला. प्रभू हात बरा करणारच होता."

"करणार असेल, नम्रता. पण तोवर मी कोणाच्या मुलाला टोचून बघत बसू?"

नम्रताबाईंनी त्यांचा खांदा दाबला आणि त्या निघून गेल्या. पाळकसाहेबांनी पुण्यातल्या एका वृद्धाश्रमाचं नाव सांगितलं. तिथे थांबणाऱ्यांची यादी होती, सात-आठ महिन्यांची. लोक येत होते, सलाम करत होते, काही मावश्या रडल्या. घरी चला, असं कोणी म्हटलं नाही. सगळ्यांची घरं लहान होती. ते खोटंही नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी रोज गुडघे टेकले. मागायला गेल्या की शब्द फुटत नव्हते. आभार मानायला तर धीरच होत नव्हता. आईने शिकवलेली एक रीत होती, ती त्यांनी मोडली होती. दुसरी शिकवलेली नव्हती. मग त्या नुसत्या बसून राहायच्या, अंधाऱ्या खोलीत कोणीतरी आहे असं समजून माणूस बसतं तशा. कधी कधी खरंच कोणी आहे असं वाटायचं. त्यानेही भीती वाटायची.

एकतीस तारखेला वॉर्डात निरोप झाला. डॉक्टरांनी शाल दिली. मीराबाईने ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या होत्या.

"खावा. आता कोण ओरडणार माझ्यावर?" ती म्हणाली. "नवीन सिस्टर गोड बोलतली. माका नाय सोसवणार."

दुपारी बाई क्वार्टरची चावी द्यायला ऑफिसात गेल्या. बरोबर इरावती, तिच्या हातात निळी बॅग. बाकीचं सामान त्यांनी आयाबायांना वाटून टाकलं होतं. कारकून मयूर तरुण होता, कामात चोख.

"सही इथे. तारीख. आणि पुढचा पत्ता."

बाईंनी सही केली. तारीख घातली. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"नंतर कळवते."

"रकाना मोकळा नाही ठेवता येत, सिस्टर. पेन्शनचे कागद कुठे पाठवायचे?"

खिडकीबाहेर ॲम्ब्युलन्स मागे घेत होते, तिचा टी-टी आवाज येत होता. बाईंच्या मनात आलं, हेच ते. सगळ्यांना ज्याची भीती वाटते ते. आणि ते इतकं साधं दिसतं.

"लिहा," इरावती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला असावा, कारण ती दचकली. "गिरगाव. पत्ता सांगते." तिने वाडीचं नाव सांगितलं, चाळ, मजला, खोली नंबर. मयूरने लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "ललिताताईंना विचारलंस?" ललिता म्हणजे इरावतीची आई.

"नाही."

"दोन खोल्या. तुम्ही चौघं."

"हो."

"त्या नको म्हणाल्या तर?"

"माहीत नाही, मावशी." इरावतीने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "मला काहीच माहीत नाही. निघालो तर आहोत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी चर्चमध्ये गाणंसुद्धा म्हणू शकत नव्हती. बाईंना रडू आलं नाही, हसूही नाही. त्यांनी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी चालू लागल्या.

फाटकाशी जमिनीत एक लोखंडी पट्टी आहे. सदतीस वर्षं बाई ती न बघता ओलांडत होत्या. आज पट्टीपाशी आल्या आणि उजवा पाय उचलला गेला नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तळवा जमिनीला खिळल्यासारखा. डावा पुढे जायला तयार, उजवा नाही. हे दुखणं पायात उतरतं, त्यांना ठाऊक होतं. पण नंतर. बरंच नंतर. इतक्या लवकर ते येत नसतं.

मागून एका टॅक्सीने हॉर्न वाजवला. इरावतीने त्यांचा दंड धरून ओढलं.

"ओढू नकोस," बाई म्हणाल्या. "ओढलं की पडतं माणूस."

"मग काय करू?"

"थांब नुसती."

इरावतीने बॅग खाली ठेवली. टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून काहीतरी ओरडला. बाईंनी डोळे मिटले. त्यांनी काही मागितलं नाही, कशाचे आभार मानले नाहीत. तू आहेस ना, एवढंच त्या म्हणाल्या. आणि उत्तराची वाट बघत, एक पाय पुढे टाकण्याच्या बेतात, तशाच उभ्या राहिल्या.